लेडीबग बघायचाय? आधी मावा शोधा

शेजारची सातवीतली मुलगी एकदा मला म्हणाली, "काकू, लेडीबग आपल्याकडे नसतात ना? ते गोष्टीच्या पुस्तकातच असतात." तिच्या कंपासपेटीवर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा एक छापलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन मी पुण्यात आमच्या घराजवळच्या बागेत गेले. कारंज्याकडे नाही, हिरवळीकडेही नाही. मागच्या कुंपणाला लागून, जिथे पालापाचोळ्याचा ढीग असतो, तिथे रुईचं एक झुडूप आपोआप उगवलंय. त्याच्याशी आम्ही पाऊण तास उकिडव्या बसलो आणि चौदा लेडीबग मोजले. कंपासपेटीवरच्यासारखा त्यांत एकही नव्हता.

तेव्हापासून जे जे तिला सांगत गेले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. पुणे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण नाशिक, नागपूर, ठाण्यातल्या बागांतही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी नावाचं. शेतीतली माणसं या कीटकाला ढालकिडा किंवा चित्रांग भुंगेरा म्हणतात. ढालकिडा हे नाव मला फार पटतं, कारण तो खरोखर पानावर उपडी ठेवलेली इवलीशी ढाल वाटतो. जगात याच्या सुमारे 6000 जाती आहेत, भारतीय उपखंडात चारशेच्या आसपास. शहरातल्या बागेत त्यातल्या आठ-दहा नीट ओळखता आल्या, तरी एक अख्खा हिवाळा कमी पडेल.

कधी जायचं

आपल्याकडे सगळ्यात चांगले दिवस दिवाळीनंतरचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंड, कोरड्या दिवसांत झाडांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक मऊ किडे, वाढतो आणि त्याच्यामागे लेडीबग येतात. पावसाची उघडीप असेल तर श्रावण-भाद्रपदातही बरंच दिसतं. एप्रिल-मे अवघड. तेव्हा ते सावलीला, सालीच्या भेगांत, पालापाचोळ्यात जाऊन बसतात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर उजाडता उजाडता जा.

हिवाळ्यात मात्र फार लवकर जाण्यात अर्थ नाही. दव वाळून पानाला ऊन लागलं की हे कीटक हलायला लागतात, म्हणजे साधारण साडेआठ ते अकरा. त्याआधी ते पानाच्या बेचक्यात गारठून बसलेले असतात. फोटो काढायला ते बरं, पण शोधायला कठीण.

सोबत घ्यायचं सामान थोडं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, जवळून फोटो काढता येईल असा मोबाइल, छोटी वही, पेन्सिल आणि पांढरा रुमाल. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि पान डोळ्याजवळ आणायचं. भिंग पानावर धरून आपण लांबून बघितलं की काही धड दिसत नाही. नव्या माणसाचं इथेच चुकतं.

पहिली पायरी: झाड वाचा

लेडीबग शोधू नका. त्याचं जेवण शोधा. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

बहुतेक लेडीबग मांसाहारी असतात. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड हे झाडाचा रस शोषणारे मऊ किडे त्यांचं अन्न. म्हणून बागेत शिरल्यावर लाल रंग शोधत फिरण्यापेक्षा शेंडे बघा. पान मुडपलंय का, देठ चिकट लागतोय का, खालच्या पानांवर साखरेच्या पाकासारखी चकाकी आहे का, त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरलीये का? ही सगळी माव्याची आणि त्याच्या भाईबंदांची खूण. ते रस पितात आणि जास्तीची साखर गोड थेंबांच्या रूपात खाली टाकतात.

दुसरी खूण मुंग्या. खोडावरून मुंग्यांची रांग वर जात असेल तर वर गोड थेंब आहेत असं खुशाल समजा. फक्त एक लक्षात असू द्या. मुंग्या त्या थेंबांसाठी माव्याची राखण करतात आणि लेडीबगला हुसकावून लावतात. त्यामुळे मुंग्या गजबजलेल्या फांदीवर मावा भरपूर आणि लेडीबग कमी, असं पुष्कळदा दिसतं. त्याच झाडाची मुंग्या कमी असलेली फांदी शोधा.

बागेत मी आधी कुठे जाते ते सांगते. रुई आणि कण्हेर पहिल्या. यांच्या शेंड्यावर हळदीसारखा पिवळाधमक मावा असतो, काळ्या पायांचा, लांबूनही दिसणारा. मग गुलाबाच्या कळ्या आणि शेवंतीचे शेंडे. जास्वंद आणि पेरूवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण. तुती, डेलिया, झिनियाच्या पानांवर पिठी भुरभुरल्यासारखी भुरी ही पांढरी बुरशी. आणि नेहमी कुंपणाकडेची, कोणी न लावलेली झुडपं. देखण्या वाफ्यांवर फवारणी होते, कुंपणाकडे कोणाचं लक्ष जात नाही. बागेचा सगळ्यात दुर्लक्षित कोपरा लेडीबगसाठी सगळ्यात श्रीमंत असतो.

दुसरी पायरी: थांबा, मग पान उलटा

मावा सापडला की झाडाला हात लावू नका. दोन मिनिटं नुसतं बघा. आपली सावली पडली, फांदी हलली की लेडीबग पाय आखडून टपकन खाली पडतो आणि गवतात हरवतो. डोळे सरावले की एकेक दिसू लागतात.

मग पानं सावकाश उलटा, देठाला धरून. फांदीखाली दुसऱ्या हाताने पांढरा रुमाल धरा म्हणजे जो पडेल तो रुमालावर येईल. दाट झुडपासाठी उघडी छत्री उलटी धरून तिच्यात पांढरं फडकं पसरायचं आणि फांदीवर काठीने दोन-तीन हलके ठोके द्यायचे. मोहरीच्या दाण्याएवढ्या काळ्या-तपकिरी जाती एरवी कधी नजरेला पडत नाहीत, त्या अशा सापडतात. फांदी मोडेल असं झोडपायचं नाही, आणि आधी माळीदादांना विचारायचं.

हातावर घेतलात तर कदाचित त्याच्या गुडघ्यांतून पिवळा, उग्र वासाचा थेंब येईल. ते त्याचं रक्तच. त्यात कडू, विषारी द्रव्यं असतात, म्हणून पक्षी आणि मुंग्या त्याला टाळतात. आपल्या कातडीवर पिवळा डाग पडतो इतकंच. हात धुवून टाका.

तिसरी पायरी: लेडीबगचं बाळ ओळखा

हा भाग मनापासून वाचा. लाल ढाल सगळे ओळखतात, पण अळी फार थोडे ओळखतात, आणि त्यापायी ती मारली जाते.

अंडी पिवळी किंवा केशरी, लांबट, पानाच्या खालच्या बाजूला झुबक्याने उभी चिकटवलेली, जणू उदबत्तीचे तुकडे शेजारी शेजारी खोचावेत. झुबक्यात दहा-वीस, कधी जास्त. दोन ते चार दिवसांत फुटतात. केसासारख्या बारीक दांडीच्या टोकावर एकटं अंडं दिसलं तर ते लेडीबगचं नाही, क्रायसोपाचं. तोही मित्रकीटकच.

अळी आईबापांसारखी मुळीच दिसत नाही. लांबट, शेपटीकडे निमुळती, पाठीवर बारीक उंचवटे, सहा पाय पुढच्या भागात. छोट्या मगरीसारखी चालते. रंग काळपट-राखाडी आणि त्यावर जातीप्रमाणे नारिंगी किंवा पांढरट-पिवळे ठिपके. तीन वेळा कात टाकत ती चार अवस्थांतून मोठी होते. हवा उबदार असेल तर अंड्यापासून लेडीबग व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

दोन वर्षांपूर्वी एका बागेत माझ्या देखत कण्हेरीच्या अख्ख्या रांगेवर औषध फवारलं गेलं. "काळ्या अळ्या पडल्यात, पानं खातायत," असं सांगण्यात आलं. त्या अळ्या पानं खात नव्हत्या, माव्यावर तुटून पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा झाडाखाली सगळ्या मरून पडलेल्या होत्या. त्यानंतर तीन आठवड्यांत मावा परत आला आणि त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणून आता बागेत गेले की काम करणाऱ्या दादा-मावशींना मी भिंगातून अळी दाखवते. एकदा तिला मावा खाताना पाहिलं की वेगळं समजवावं लागत नाही.

पूर्ण वाढलेली अळी शेपटीचं टोक पानाला चिकटवून पाठ बाकवते आणि तिचा कोष होतो. रेशीम नाही, जाळं नाही, पानावर पडलेल्या पक्ष्याच्या शिटेसारखा तो दिसतो. त्याला काडीने हळूच स्पर्श केला तर तो ताडकन उठून पुन्हा खाली होतो.

कोषातून लेडीबग बाहेर येताना मी एकदाच पाहिलाय, त्या रुईवरच, जानेवारीतल्या सकाळी. कोषाची पाठ चिरली आणि आतून मऊ, ओलसर, फिक्कट पिवळा जीव बाहेर आला. पाठीवर एकही ठिपका नव्हता. तो आपल्याच रिकाम्या कोषावर चढून बसला आणि खालचे पारदर्शक पंख मागे लांबवून वाळवू लागला. काही वेळाने पाठीवर धुरकट रेघा उमटल्या, कागदावर शाई आतून पाझरावी तशा. दीड तासाने त्या काळ्या झाल्या, पण पिवळा पिवळाच राहिला. केशरी रंग चढायला पुढे कित्येक दिवस लागतात.

म्हणूनच ठिपक्यांवरून वय सांगता येत नाही. एकदा पाठ टणक झाली की ठिपके वाढत नाहीत.

चौथी पायरी: ओळख पटवताना या क्रमाने बघा

माझा क्रम असा: झाड, जेवण, आकारमान, छातीची ढाल, आणि सगळ्यात शेवटी पाठीवरची नक्षी.

झाड आणि जेवण यांनी निम्मं काम होतं. भुरीवर दिसला की एक गट, पिठ्या ढेकणावर दिसला की दुसरा. आकारमानासाठी स्वयंपाकघरातली मापं वापरा: मोहरी, बाजरी, मसूर, तूर. मोठा लेडीबग मसुरीएवढा भरतो.

छातीची ढाल म्हणजे डोकं आणि पाठ यांच्या मधला आडवा तुकडा. पाठीवरची नक्षी एकाच जातीत इतकी बदलते की चकवा लागतो, ढालीवरची खूण त्यामानाने पक्की असते. चेहरा समजून लोक ज्याचा फोटो काढतात ते बहुधा ही ढाल असते. खरं डोकं तिच्याखाली दडलेलं, छोटं.

पाचवी पायरी: नेहमी भेटणारे

नागमोडी रेघांचा लेडीबग सगळ्यात आधी भेटेल. शास्त्रीय नाव चेलोमेनीस सेक्समॅक्युलाटा. नावाचा अर्थ सहा ठिपक्यांचा, पण पाठीवर दिसतात त्या नागमोडी काळ्या रेघा: प्रत्येक पंखावर दोन, आणि मागच्या टोकाकडे एक ठिपका. गोलसर, मसुरीहून जरा लहान. रंग लिंबासारखा पिवळा, केशरी, गुलाबीसर, काहीही. छातीची ढाल फिक्कट आणि तिच्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. आमच्या रुईवरच्या चौदांपैकी अकरा हेच होते.

उरलेले तीन आडव्या पट्ट्यांचे, कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस. हा थोडा मोठा, लांबट, रंगाने गडद नारिंगी ते लाल. पाठीच्या मधोमध जाड काळा पट्टा आणि बाजूंना जाड, वेडेवाकडे काळे डाग. पहिल्याशी याची गल्लत होते. तेव्हा ढाल बघा: याची जवळजवळ सगळी काळी असते आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत फक्त नारिंगी-पिवळे डाग.

कंपासपेटीवरचा सात ठिपक्यांचा, कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा, आपल्याकडे हिवाळ्यात दिसतो, शहरापेक्षा गहू-हरभरा-करडईच्या शिवारात जास्त. प्रत्येक पंखावर तीन ठिपके आणि सातवा दोन्ही पंखांत वाटलेला, अगदी ढालीला लागून. काळ्या ढालीच्या कोपऱ्यांत पांढरे चौकोनी डाग. शहराच्या कडेला शेत असेल तिथल्या बागेत जरूर शोधा.

भुरी पडलेल्या पानावर, विशेषतः तुतीवर, ठिपके नसलेला लख्ख पिवळा लेडीबग भराभर पळताना दिसला तर तो इलिस. हा मावा खात नाही, बुरशी खातो. पांढरट ढालीच्या मागच्या कडेला दोन काळे ठिपके. ते लांबून डोळ्यांसारखे भासतात. याचा फोटो काढायला फार धीर लागतो, पानाखाली सटकतो.

पिवळट पाठीवर तीन उभ्या काळ्या रेघा, एक मधोमध आणि दोन बाजूंना, असा बाजरीपेक्षा जरा मोठा दिसला तर तो ब्रुमॉइडीस सुटुरालिस. पिठ्या ढेकूण आणि मावा दोन्हींवर असतो.

काळाकुळकुळीत, चकचकीत, हेल्मेटसारखा फुगीर आणि खवले कीड पडलेल्या फांदीवर बसलेला, तो कायलोकोरस निग्रिटा. हा आपल्या उपखंडातला, आणि इथूनच तो खवले किडीच्या बंदोबस्तासाठी दूरदूरच्या देशांत नेला गेला.

याच्या उलट प्रवास क्रिप्टोलीमसचा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, 1898 मध्ये दक्षिण भारतात कॉफीच्या मळ्यांसाठी आणलेला. द्राक्षबागायतदारांना हा चांगला ठाऊक आहे, कारण पिठ्या ढेकणासाठी तो बागेत सोडतात. पाठ काळपट, डोकं, छाती आणि पाठीचं मागचं टोक केशरी. याची अळी मात्र पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्यांनी मढलेली असते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक असा: पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी मोठी, झिरमिळ्या लांब, आणि ती ढेकणांच्या थव्यातून चालत असते. जास्वंद पुसून काढण्याआधी एक मिनिट बघा, पांढऱ्यातलं काही चालतंय का.

आता शाकाहारी. बागेत कोणी वांगी लावली असतील किंवा कडेला काटेरिंगणी असेल, तर पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी झालेली दिसेल. तिथे मळकट तांबूस, बारीक लवेमुळे निस्तेज, पुष्कळ ठिपक्यांचा भुंगेरा बसलेला असतो. हा हेनोसेपिलॅक्ना, अठ्ठावीस ठिपक्यांचा. ठिपके मोजून खात्री होईलच असं नाही, पण निस्तेज पाठ आणि जाळी झालेलं पान या दोन खुणा पुरतात. याची अळी पिवळी आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची.

सोंग घेतलेले

गाजरगवतावर फिक्कट पाठीवर तपकिरी उभ्या, वळणदार रेघांचा भुंगेरा हमखास दिसतो आणि हमखास लेडीबग म्हणून नोंदला जातो. तो मेक्सिकन भुंगेरा, झायगोग्रामा. गाजरगवत खाऊन संपवावं म्हणून 1984 मध्ये बंगळुरूकडे सोडला आणि पसरत इथवर आला. तो पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला.

बेशरमीच्या पानांवरचे कासवभुंगे तर नवख्याला नेहमीच फसवतात. त्यांच्या ढालीची कड काचेसारखी आरपार असते आणि डोकं वरून दिसत नाही. भोपळ्यावरचा लाल भुंगेरा लांबट असतो. सगळ्यांसाठी एक सोपी कसोटी: मिशा बघा. लेडीबगच्या मिशा आखूड, टोकाला गाठीसारख्या जाड, बहुतेक वेळा डोक्याखाली घेतलेल्या. लांब दोऱ्यासारख्या मिशा दिसल्या तर तो दुसरा कोणीतरी.

फोटो आणि नोंद

एका लेडीबगचे चार फोटो काढा: वरून, समोरून म्हणजे ढाल दिसेल असा, बाजूने, आणि झाडाचा. चौथा लोक विसरतात आणि नंतर ओळख अडते. उन्हात पाठ चमकून नक्षी पुसली जाते, म्हणून आपल्याच हाताची सावली पानावर धरा.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर टाकलेत तर जगभरातले जाणकार ओळख तपासून देतात. अ‍ॅपने सुचवलेलं पहिलंच नाव डोळे मिटून स्वीकारू नका, तिथे कधीकधी आपल्या देशात नसलेल्या जातीही सुचवल्या जातात. खात्री नसेल तर नुसतं 'लेडीबग' लिहा. मोहरीएवढ्या कित्येक जाती सूक्ष्मदर्शकाखाली नराचे अवयव बघितल्याशिवाय वेगळ्या करताच येत नाहीत, तिथे हट्ट नको.

मुलांबरोबर जात असाल तर काचेच्या बरणीत अळ्या गोळा करू नका. जेवण संपलं की त्या एकमेकींना खातात.

एकच वाट ठरवा, पाच-सहा झाडांची, आणि दर आठवड्याला तीच चाला. वहीत लिहायचं ते थोडक्यात आणि नेहमी एकाच पद्धतीने. त्या मुलीच्या वहीतलं एक पान असं आहे: "रुई, मागचं कुंपण. सकाळी 9.10. मावा खूप, मुंग्या कमी. नागमोडी 6, आडव्या पट्ट्यांचे 2. अंडी एक झुबका, 17. अळ्या 4. कोष 3, एक रिकामा. पिवळा, ठिपके नसलेला 1, कोषाशेजारीच बसलाय. दुपारी परत यायचं."